दोनशे अठ्ठावन्न फूट

सोमवार, ३ फेब्रुवारी

ताईस,

पत्त्याची खात्री नाही. आत्याच्या वहीत तुझे तीन पत्ते होते, त्यातले दोन खोडलेले. हा तिसरा. पत्र पोचलं तर उत्तराची अपेक्षा आहे. नाही पोचलं तर परत येईल, कारण पाकिटाच्या मागे माझा पत्ता स्वच्छ अक्षरात लिहिला आहे.

कामाचं लिहितो. आपलं थिएटर विकलं गेलं. 'आपलं' हे सवयीनं लिहिलं. बाबा तिथे अठ्ठावीस वर्षं ऑपरेटर होते, एवढाच आपला हक्क. नवा मालक इमारत पाडून गोदाम बांधणार आहे. शुक्रवारी, २८ तारखेला किल्ल्या द्यायच्या आहेत. त्याआधी केबिनमधलं बाबांचं जे काही असेल ते उचला, असा निरोप तिकीटवाल्या काकांनी माझ्या दुकानात येऊन दिला. काका अजून आहेत. तिकीटविक्री बंद होऊन वर्ष झालं, तरी सकाळी दहाला येऊन खिडकीमागे बसतात. "घरी बसून तरी काय करू," म्हणाले, "तिथे खिडकीसुद्धा नाही."

काल केबिनमध्ये जाऊन आलो. बाबांचं स्टूल आहे. त्याचा एक पाय नंतर बसवलेला आहे आणि पाव इंच आखूड आहे, म्हणून त्याखाली पुठ्ठा होता, पुठ्ठाही आहे. रीळ गुंडाळायचं हाताचं चाक आहे, दांडा गंजलेला. बाबांचा कोट खुंटीवर नाही, पण खुंटीखाली भिंतीवर त्याची फिकट खूण आहे. फिल्म जोडायचा त्यांचा लोखंडी साचा मात्र कुठेही सापडला नाही. दोनदा शोधला.

खालच्या कप्प्यात एका सिनेमाची सहा रिळं आहेत. वितरकाचं ऑफिस बंद पडल्यामुळे ती न्यायला कोणी आलंच नव्हतं. कुठला सिनेमा ते तू ओळखशील. त्यांच्यामागे बिस्किटांचा एक चौकोनी डबा होता, झाकणाला कडेनं चिकटपट्टी लावलेला. त्याबद्दल पुढे कधीतरी.

यातलं तुला काय हवं ते कळव. मी ठीक आहे. चष्म्याचं दुकान चालू आहे. तुझी वहिनी बरी आहे.

तुझा भाऊ


शनिवार, ८ फेब्रुवारी

ताईस,

पत्र परत आलं नाही, म्हणजे पोचलं. उत्तर आलं नाही, त्याचा अर्थ मी लावत नाही.

आणखी एक घडलं. आमच्या जुन्या सिनेमांच्या मंडळाचे चिटणीस दुकानात आले होते. तेच, भूगोलाचे मास्तर. आता निवृत्त आहेत आणि डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकतो आहे. थिएटर पडण्यापूर्वी तिथे एक शेवटचा खेळ करायचा, असं मंडळानं ठरवलंय. रविवार, २३ तारीख, सकाळी दहा. सिनेमा अर्थातच मामाचा. त्या सहा रिळांतला.

"आणि एक पान लिहून द्या," चिटणीस म्हणाले. "आपण म्हातारी माणसं त्या घोडेवाल्या म्हाताऱ्यावर एवढं का भाळलो, ते येणाऱ्यांना वाटू."

"मी चोपन्न वर्षांचा आहे," मी म्हणालो.

"मग तुम्ही लिहाच. आम्हाला आठवत नाही, तुम्हाला मोजलेलं असतं."

हे मला आवडलं, खोटं कशाला बोलू. बसून लिहिलं. तुला पाठवण्यामागे एवढंच, की 'मामा' हे नाव त्याला आईनं दिलेलं, आणि त्याची साक्ष देणारं आता तुझ्याखेरीज कोणी नाही. आपल्याला सख्खा मामा नव्हता. दर रविवारी सकाळी बाबा त्या नटाचा सिनेमा लावायचे. तो कुठूनसा घोड्यावरून यायचा, लोकांची भांडणं निस्तरायचा आणि कोणी थांब म्हणायच्या आत निघून जायचा. आई पडद्याकडे बघून म्हणायची, "एवढं सगळं केलं आणि बिनजेवताच निघाला बघ." पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायची. तेव्हापासून मामा.

पानात मी असं लिहिलं. लोकांना वाटतं, हे सिनेमे गोळीबारासाठी बघायचे. मी मामाच्या एकतीस सिनेमांतल्या गोळ्या मोजल्या आहेत. सहा गोळ्यांच्या पिस्तुलातून एकदा, मध्ये न भरता, अकरा सुटल्या. गोळीबार दुसऱ्यांदा बघायला कोणी जात नाही. माणूस दुसऱ्यांदा जातो तो मामा गावात शिरल्यावर आधी घोड्याला पाणी पाजतो म्हणून. स्वतःचा घसा कोरडा असताना. गाठ मारतो ती एका ओढीत सुटेल अशी. विचारल्याशिवाय बोलत नाही आणि विचारलं तरी पाच शब्दांत आटपतो. आपल्या घरांत, दुकानांत, कचेऱ्यांत सतत कोणी ना कोणी स्वतःची बाजू मांडत असतं. मामाला बाजू मांडायची नसते. त्याचं काम बघून घ्यायचं.

आणि दुसरं म्हणजे त्याचं वय. बाकीचे नायक म्हातारे झाले की वडिलांच्या कामाला लागतात. मामा शेवटपर्यंत त्याच खोगिरावर बसला. आपण त्याला तिशीपासून अडुसष्टपर्यंत एकाच कामात पाहिलं. तरुणपणी तो घोड्यावर चढायचा तो दोन सेकंदांत, एका दमात. पंचेचाळिशीला चार सेकंद. पुढे पुढे चढताना दाखवतच नाहीत: पाय रिकिबीत, आणि लगेच मामा खोगिरावर. मधलं कापलेलं. मी नोंद ठेवली आहे, अशी सात ठिकाणं आहेत. चिठ्ठी वाचताना तो हात लांब करू लागतो. अडीच नंबर लागला असावा, हे मी धंद्यानं सांगतो. मग येतो शेवटचा सिनेमा. त्यात कॅमेरा हलत नाही, कापाकापी नाही. मामा रिकिबीत पाय घालतो, थांबतो. घोडा सरकतो. मामा परत पाय घालतो. खोगीर दोन्ही हातांनी धरून श्वास घेतो आणि स्वतःला वर ओढतो. अकरा सेकंद. शिट्ट्या मारणारी पोरं त्या अकरा सेकंदांत गप्प बसायची. आपला माणूस म्हातारा होऊनही कामावर निघालाय, हे बघण्यासाठी मी अजून कितीही लांब जाईन.

काकांना वाचून दाखवलं. म्हणाले, "अकरा? मला पलंगावरून उठायला जास्त लागतात. माझा काढा की सिनेमा."

पानाच्या शेवटी मी लिहिलं होतं: 'आणि मामा मरत नाही. तो निघून जातो.' मग ते वाक्य खोडलं. स्वच्छ पान पुन्हा लिहावं लागलं. का खोडलं, ते तुला कळेल.

तुझा भाऊ


बुधवार, १२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

आधीची दोन्ही पत्रं तुझ्या वहिनीनं पोस्टात टाकण्यापूर्वी वाचली होती. मला काल सांगितलं. "स्टुलाचा पाय किती आखूड ते लिहिलंत," म्हणाली, "मुद्द्याचं कुठेय?"

मुद्द्याचं आता तारीखवार लिहितो. तुझ्या आठवणीत काही वेगळं असेल तर दुरुस्त कर.

आई जुलैत गेली. मी अकराचा, तू सतराची. हॉस्पिटलच्या दारापासून तिच्या खाटेपर्यंत एकोणीस फरश्या होत्या. ती गेल्यावर मी सगळंच मोजायला लागलो आणि बोलायचं जवळजवळ थांबवलं. तू मला मोजपट्टी म्हणायला लागलीस ते तेव्हापासून. चिडवत होतीस, पण निदान हाक तरी मारत होतीस. बाबा तेवढंही करत नव्हते.

सात आठवड्यांनी मामाचा शेवटचा सिनेमा लागला. तू शाळा सुटल्यावर केबिनमध्ये बाबांच्या हाताखाली असायचीस, रिळं गुंडाळायचीस, तुटलेली फिल्म जोडायचीस. मी खाली, तिसऱ्या रांगेत. शेवटी मामा त्या अकरा सेकंदांत घोड्यावर चढला, पाठ फिरवून टेकडीकडे निघाला आणि 'समाप्त' आलं. मी तेवीस पायऱ्या चढून केबिनमध्ये आलो आणि कित्येक दिवसांनी पूर्ण वाक्य बोललो.

"मामा गेला, पण मेला नाही."

तू म्हणालीस, "नाही मेला."

बाबांनी मशीनकडे तोंड केलं. हे मला आत्ता, लिहिताना, आठवतंय.

पुढचं तुला माहीत आहे, तरी लिहितो. त्या सिनेमाची दुसरी प्रत मला आयुष्यात कुठे मिळाली नाही. त्याची डिस्कही कधी निघाली नाही. त्यामुळे माझं म्हणणं कोणी खोडू शकत नव्हतं, आणि माझं म्हणणं असं की म्हाताऱ्या नायकांत हा एकटाच न मरता निघून गेला. सोळा वर्षांपूर्वी, बाबांच्या मागे वर्षभरानं, मंडळानं मला त्यावर भाषण करायला सांगितलं. भाषणाची पुस्तिका छापायची होती. आदल्या संध्याकाळी तू घरी आलीस, कच्चं वाचलंस आणि म्हणालीस, "शेवटचं वाक्य छापू नकोस."

"का?"

"नको म्हणते ना."

"पुरावा असेल तर दाखव."

"तुला प्रत्येक गोष्टीला पावती लागते का रे?"

मी कच्चं तुझ्या हातातून काढून घेतलं. दुसऱ्या दिवशी थिएटरच्या हॉलमध्ये बासष्ट माणसं होती. मी वाक्य वाचलं, टाळ्या पडल्या, आणि सातव्या रांगेत तू उभी राहिलीस. "मामा मरतो," म्हणालीस. "मी पाहिलंय."

आणि मी माइकवरून म्हणालो, "आमच्या ताईला केबिनमध्ये रीळ गुंडाळायला ठेवलं होतं, सिनेमा बघायला नाही."

लोक हसले. मीही हसलो. तू पिशवी उचललीस. सातव्या रांगेपासून दारापर्यंत किती पावलं पडली, हे मी त्या दिवशी मोजलं नाही. महिन्याभरात तू गाव सोडलंस. पुस्तिका छापून आली. अजून तिच्या चाळीस प्रती माळ्यावर आहेत.

ते वाक्य माझ्या तोंडात आयत्या वेळी आलं नव्हतं. ते अकराव्या वर्षापासून तयार होतं. बाबांनी तुला फिल्म हातात धरायला शिकवलं आणि मला कधी धरू दिली नाही. "तुझे हात घाई करतात," म्हणायचे. मी चष्म्याच्या काचा घासायला, इंग्रजी वाचायला, घड्याळ उघडायला, सगळं स्वतःचं स्वतः शिकलो. हे मी चारचौघांत ताठ मानेनं सांगतो. कोणी शिकवलं नाही म्हणून शिकलो, हे सांगत नाही.

आता तो डबा.

त्यात फिल्मचं एक वेटोळं आहे. दुकानाच्या काउंटरवर फूट लावून मोजलं, दोनशे अठ्ठावन्न फूट. वेटोळ्याच्या मध्ये एक चिठ्ठी होती, तुझ्या अक्षरात: 'रीळ सहा, शेवटचा तुकडा. मोजपट्टीला दाखवू नये. सांध्यापाशी संगीत तुटतं, इलाज नाही.'

मी माझी पहिली वही काढली, अकराव्या वर्षाची. त्या सिनेमाच्या पानावर खाली लिहिलंय: 'शेवटी संगीत एकदम तुटतं. कारण माहीत नाही.' म्हणजे तू जिथे कापलंस ते मला तेव्हाच ऐकू आलं होतं. मोठेपणी त्याचं कारण मी स्वतःच शोधून काढलं आणि पुस्तिकेत त्यावर दीड पान लिहिलं: संगीत मुद्दाम तोडलंय, हे दिग्दर्शकाचं धाडस आहे. ते दीड पान लोकांना फार आवडलं होतं. ताई, ते धाडस तुझं होतं, आणि सतराव्या वर्षीचं.

त्या दिवशी हॉलमध्ये तू 'मीच कापलं, याच्यासाठी' असं म्हणाली असतीस तर मी बासष्ट माणसांसमोर उघडा पडलो असतो. तू तेही म्हणाली नाहीस.

मी तो तुकडा उजेडासमोर धरलेला नाही. २३ तारखेला तो त्याच्या जागी जोडून दाखवावा असं मला वाटतं. हल्लीचा ऑपरेटर जुनं मशीन चालू करून देतो म्हणालाय, पण फिल्म जोडणं त्याला येत नाही. त्यानं ती कधी पाहिलीच नाही. मंडळात कोणाला येत नाही. मला तर नाहीच. हे वाक्य मी पहिल्यांदा लिहितोय.

ये. जोडून दे. परत जायची घाई करू नकोस.

मोजपट्टी


बुधवार, १९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

पार्सल काल दुपारी आलं. वजनावरूनच कळलं आत काय असणार. बाबांचा साचा तू नेलास याचा मला सोळा वर्षं संशय होता, आणि पहिल्या पत्रात 'दोनदा शोधला' असं मी मुद्दाम लिहिलं होतं, हेही आता कबूल करून टाकतो. तेल घालून ठेवला आहेस. माझ्याकडे असता तर गंजला असता.

फिल्म चिकटवायच्या सिमेंटची बाटलीही पोचली, न सांडता. सोबत तुझं पान. त्यावर 'प्रिय' नाही, खाली सही नाही. मी ते इतक्यांदा वाचलंय की पाठ झालंय, तरी तुझे शब्द तुलाच लिहून दाखवतो, कारण मला ते लिहावेसे वाटतात.

'आधी माझा जुना सांधा सोडव, ओढून नाही, वाफेवर धरून. तुकड्याचा वास आंबूस असेल, घाबरू नकोस. काठाचा थर पात्यानं खरवडायचा, पारदर्शक दिसेपर्यंतच. पुढे गेलास तर भोक पडेल. सिमेंट एकाच हातानं, एकदाच. साचा बंद करून वीस आकडे मोज. मोजायला तुला आवडतंच. प्रत्येक सांध्याला एक चौकट, म्हणजे एक चित्र, वाया जाते. दोन सांधे, दोन चौकटी. त्यावरून रडत बसू नकोस. आधी साध्या फिल्मवर दहा वेळा करून बघ. तुझे हात घाई करतात.'

आणि अगदी खाली: 'मी येत नाही. तेवीस पायऱ्या आता माझ्यानं होत नाहीत. गुडघे गेले.'

हे वाचून मी बराच वेळ काउंटरमागे बसून राहिलो. एक बाई चष्म्याची दांडी सैल झाली म्हणून आल्या होत्या, त्या म्हणाल्या, "उद्या येऊ का?" मी म्हणालो, या.

ताई, माझ्या डोळ्यांसमोर तू अजून त्या पायऱ्या दोन-दोन करून चढतेस. हातात रीळ, तोंडात केसांची पिन. मामाचं वय मी सिनेमागणिक टिपलं, चढायला लागणारे सेकंद लिहून ठेवले. तू साठीची झालीस हे मला पार्सलातून कळलं.

साध्या फिल्मवर दहा वेळा केलं. पहिल्या दोन वेळा भोक पडलं, पाचव्यांदा बोट चिकटलं. तुझी वहिनी मागे उभी राहून बघत होती. "श्वास घ्या," म्हणाली, "तो घेतला तरी जोडता येईल." नववा आणि दहावा सांधा ओढूनही सुटला नाही. काल संध्याकाळी खरा जोडला. वीस मोजलं, मग आणखी वीस मोजलं, तुला न विचारता.

दोन चौकटी वाया गेल्या. रडलो नाही. त्या मी टाकल्याही नाहीत.

तुकडा डोळ्यांनी पाहिला नाही. काठ सोडून नजर कुठे जाऊ दिली नाही. पाहीन तो पडद्यावर, सगळ्यांबरोबर.

मोजपट्टी


रविवार, २३ फेब्रुवारी, दुपार

प्रिय ताई,

खेळ दहा वाजून चार मिनिटांनी सुरू झाला. उशीर माझ्यामुळे.

माणसं सतरा. प्रवेश मोफत होता, पण काकांनी जुनं तिकिटांचं पुस्तक काढलं आणि खिडकीतून प्रत्येकाला एकेक दिलं, मग दाराशी येऊन स्वतःच ती फाडली. चिटणीस म्हणाले, "अहो, मला ओळखत नाही का?" काका म्हणाले, "ओळखतो म्हणून तर फाडतोय."

मी पडद्यासमोर उभा राहिलो. माइक नव्हता. कागदावर लिहिलं होतं तेच वाचलं: सोळा वर्षांपूर्वी याच जागेवरून मी एक चुकीची गोष्ट सांगितली. ती दुरुस्त करायला माझी ताई उभी राहिली, तेव्हा मी तिच्यावर तुम्हाला हसवलं. मामा मरतो. तो तुकडा ताईनं कापला होता, कारण आमची आई नुकतीच गेली होती आणि मी लहान होतो. त्या दिवशी इथे बसलेल्यांपैकी खरं काय ते तिला एकटीला माहीत होतं, आणि ती निघून गेली. तिची मी माफी मागतो.

मग मागून एक आवाज आला, "अहो, पण शेवट सांगून टाकलात की."

हसू आलं सगळ्यांना. मलाही. या वेळचं हसणं तुला सांगायला हरकत नाही.

मग मी वर गेलो. पायऱ्या तेवीसच आहेत, पण सतराव्या पायरीवर मी थांबलो. बाबांचं स्टूल, त्याखाली पुठ्ठा. भिंतीतल्या त्या छोट्या खिडकीतून बघितलं. प्रिंटचे रंग उडालेत, सगळं गुलाबी झालंय: माळ, घोडा, मामाची दाढी. सहावं रीळ लागलं. अकरा सेकंद. मामानं पाठ फिरवली, टेकडीकडे निघाला. तुझ्या सांध्याच्या, आता माझ्या सांध्याच्या जागी एक हलकी टिचकी ऐकू आली, आणि संगीत तुटलं नाही. मी अकराव्या वर्षापासून वाट बघत होतो त्या जागेवरून ते सरळ पुढे गेलं.

तुला माहीत आहे, तरी माझ्या तोंडून ऐक. मामा टेकडीमागे एका झाडापाशी पोचतो. उतरतो. उतरायला चौदा सेकंद, चढण्यापेक्षा तीन जास्त. खोगीर काढतो, लगाम काढतो, घोड्याला थाप मारून जा म्हणतो. घोडा चार पावलं जातो आणि वळून उभा राहतो. मामा झाडाला टेकून बसतो, टोपी तोंडावर घेतो. चेहरा दिसत नाही. म्हणजे अजूनही वाद घालता आला असता. मी छातीकडे बघत होतो. ती चार वेळा वर आली. नंतरचे बावीस सेकंद आली नाही. घोडा मान खाली घालतो आणि 'समाप्त'.

"बिनजेवताच निघाला बघ," असं कोणीतरी म्हणालं. केबिनमध्ये मी एकटाच होतो.

दिवे लागले तरी मी उठलो नाही. दिवे लावायला खाली गेलेल्या ऑपरेटरनं वर येऊन विचारलं, "बरं वाटत नाही का?" मी हिशेब करत होतो. एका फुटात सोळा चौकटी. दोनशे अठ्ठावन्न फुटांत चार हजार एकशे अठ्ठावीस. मी आज जे पाहिलं ते तीन मिनिटांच्या आत संपलं, आणि खाली सोबतीला सतरा माणसं होती. तू ते याच स्टुलावर बसून, बल्बसमोर हातात धरून पाहिलं असणार. पट्टी सरकवत, कुठून कापायचं ते शोधत, एकेक चौकट. आई जाऊन तुलाही सातच आठवडे झाले होते. माझ्यासाठी तू कापलंस. तुझ्यासाठी कापायला कोण होतं? बाबा मशीनकडे तोंड करून उभे होते. आणि मी खाली तिसऱ्या रांगेत, तू मला राखून दिलेला शेवट बघत होतो. त्रेचाळीस वर्षांत मी पायऱ्या मोजल्या, गोळ्या मोजल्या, सेकंद मोजले. हे एकदाही मनात आलं नाही.

किल्ल्या शुक्रवारी जातील. स्टूल मी घरी आणतोय. साचा तुला परत पाठवायचा का, ते कळव. माझं मत विचारशील तर तू येऊन घेऊन जा. माझं घर तळमजल्यावर आहे. दाराला उंबरा होता, तो मागच्या आठवड्यात सुताराकडून काढून घेतला. तुझ्या डोळ्यांचा नंबरही बदलला असेल, तुझ्या पानावरच्या ओळी उजवीकडे वर चढतात.

त्या दोन चौकटी. पहिली माझ्या बाजूची, मामा टेकडीकडे निघालाय ती. दुसरी अगदी शेवटची, झाडाखालची. झाडाखालची मी ठेवून घेतली आहे. वहीत चिकटवली, ती माझ्याकडेच राहील.

पहिली या पाकिटात आहे, पातळ कागदात गुंडाळून. काठाला धर, मध्ये बोट लावू नकोस; तुला काय सांगायचं म्हणा. खिडकीपाशी जा आणि उजेडासमोर धर. जरा गुलाबी दिसेल. पाठ आपल्याकडे आहे, टोपी डोक्यावर आहे, दोन्ही पाय रिकिबीत आहेत, आणि मामा घोड्यावर नीट बसलेला आहे.

तुझा,
मोजपट्टी